बागेतल्या घरट्यावर मांजर पुन्हापुन्हा येतंय? आधी त्याची वाट शोधा

तक्रार बहुतेकांची एकच असते. बुलबुलाने किंवा होल्याने झुडपात घरटं बांधलं, अंडी झाली, पिल्लं निघाली, घरातले सगळे खिडकीतून कौतुकाने बघत होते. आणि एका सकाळी घरटं फांदीला लोंबकळतंय, खाली चार पिसं पडलीत. पुढच्या विणीला तेच झुडूप, तेच मांजर आणि शेवटही तोच. मग कोणी घरट्याभोवती काटे खोचतं, कोणी तिखट फेकतं, कोणी रात्रभर बाहेरचा दिवा लावून ठेवतं. यातलं जवळपास काहीच टिकत नाही, कारण सगळा बंदोबस्त घरट्यापाशी केलेला असतो. मांजर तिथवर पोचलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. अडवायची ती त्याची वाट. जमिनीवरून खोडावर, भिंतीवरून फांदीवर, किंवा पायरीवरून कुंडीवर आणि कुंडीवरून वेलीत.

खरंच मांजरच आहे का?

हे आधी ठरवा. नाहीतर बोक्यासाठी पत्रा ठोकाल आणि अंडी कावळा नेत राहील.

मांजर घरट्याशी झटापट करतं. घरटं ओढलेलं, तिरकं झालेलं किंवा खाली पडलेलं दिसतं, आसपासच्या बारीक फांद्या मोडतात, खोडावर नखांचे ताजे ओरखडे उमटतात. अंडी उबवणारी मादी रात्री घरट्यातच सापडली असेल, तर खाली पिसांचा पुंजका पडलेला असतो. घरटं जागच्या जागी, वाटी शाबूत आणि आतलं सगळं गायब, असं असेल तर कावळा, भारद्वाज किंवा साप यांच्याकडे बघा. सापाने नेलं असेल तर बहुधा एक काडीही हललेली नसते. कवचाचे कुरतडलेले तुकडे आत किंवा खाली सापडले तर उंदराचा संशय घ्यावा.

या खुणा अंदाजापुरत्या. पक्का पुरावा हवा असेल तर झाडाच्या बुंध्याभोवती चाळलेली ओलसर माती किंवा राख पातळ पसरून ठेवा आणि सकाळी ठसे बघा. मांजराचा ठसा गोलसर, चार बोटांचा, साधारण ३ सेंमी रुंद, आणि नखांच्या खुणा नसलेला. चालताना मांजर नखं आत ओढून घेतं. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. मुंगसाच्या ठशात नखांबरोबर पाचवं बोटही दिसू शकतं. हालचाल टिपणारा, अंधारात चालणारा कॅमेरा असेल तर उत्तमच. पण तो घरट्यावर रोखू नका, बुंध्यावर आणि भिंतीच्या कडेवर रोखा. आपल्याला पक्ष्यांचा संसार चित्रित करायचा नाहीये, पाहुणा कुठून येतो ते बघायचंय.

कॅमेरा नसला तरी पक्षी स्वतःच सांगतात. बुलबुल, शिंपी, दयाळ यांचा धोक्याचा आवाज त्यांच्या रोजच्या बोलण्यापेक्षा वेगळा असतो. कर्कश, तुटक आणि न थांबता चाललेला. तो आवाज ऐकू आला की बाहेर पडा, पण घरट्याकडे धावू नका. पक्षी कुठल्या दिशेला तोंड करून ओरडताहेत ते बघा. बहुतेक वेळा त्या रेषेत खाली मांजर बसलेलं सापडतं आणि त्याची वाटही कळते.

इथे एक गुंतागुंत आहे, आणि ती फारशी कोणी लक्षात घेत नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात काळ्या कस्तुरांच्या घरट्यांवर एक प्रयोग झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी घरट्याजवळ मांजराचं निव्वळ पुतळ्यासारखं रूप १५ मिनिटं ठेवलं आणि काढून घेतलं. त्यानंतर आईबाप पिल्लांना भरवायला येण्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलं. शिवाय मांजर बघून त्यांनी जो आरडाओरडा केला, त्याने घरट्याचा पत्ता कावळ्याच्या जातीतल्या पक्ष्यांना लागला आणि पुढच्या २४ तासांत घरटी लुटली जाण्याचं प्रमाण खूप वाढलं. म्हणजे अंडी कावळ्याने नेली तरी त्याला वाट दाखवणारं मांजर असू शकतं. ‘आमचं मांजर फक्त खाली बसून बघतं हो, वर चढत नाही’ हे म्हणणं म्हणूनच फार दिलासा देणारं नाही.

ते कुठून चढतं?

धडधाकट मांजर उभ्या उभ्या सहज दीड मीटर उडी मारतं, जोर लावला तर त्याहून थोडं जास्तच. भिंतीवरून समोरच्या फांदीवर जवळपास दोन मीटरचं अंतर ते झेप घेऊन पार करतं. ही दोन मापं डोक्यात ठेवून घरट्यापासून उलटं खाली या. घरटं ज्या फांदीवर आहे तिला शेजारची कुठली फांदी टेकते? ती फांदी कुंपणाच्या भिंतीवर, छपरावर, पाण्याच्या टाकीवर किंवा पाइपवर झुकलीय का? खाली बाक, उलटी घातलेली बादली, विटांचा ढीग, शिडी, उभी केलेली सायकल असं काही आहे का? मांजराला एक पाऊल टेकायला जागा पुरते.

मग गुडघ्यावर बसा आणि मांजराच्या उंचीवरून बाग बघा. उभ्याने न दिसणारे बोगदे दिसतात. कुंपणाखालचं भगदाड, दोन झुडपांमधली दबलेली वाट, दबा धरून बसायला सोयीचा कुंड्यांमागचा कोपरा. पहाट आणि संध्याकाळ ही मांजराची शिकारीची आवडती वेळ असते, म्हणून पाहणी त्याच सुमारास केली तर आणखी कळतं.

पाहणीत आपल्याच पायांनी पाडलेली वाटही तपासा. रोज एकाच जागेवरून फांद्या बाजूला सारून आत डोकावलं की पानांत कायमची फट पडते. ती फट वरून कावळ्याला आणि खालून मांजराला, दोघांनाही उपयोगी पडते. घरटं बघायचंच असेल तर लांबून, दुर्बिणीतून बघा. फोटोसाठी पानं खुडणं हा प्रकार तर मला मांजराइतकाच घातक वाटतो.

काम करायची योग्य वेळ

यात घाई केली तर उपायच घरटं बुडवतो. बुलबुल, शिंपी, होला यांचं वेळापत्रक ढोबळपणे सारखंच असतं. साधारण दोन आठवडे अंडी उबवणं आणि त्यानंतर साधारण दोन आठवडे पिल्लं घरट्यात. एकूण महिनाभराचा मामला. पण या महिन्यातला प्रत्येक दिवस सारखा नसतो.

घरटं बांधत असताना आणि अंडी घालायच्या सुरुवातीच्या दिवसांत पक्षी सगळ्यात बुजरे असतात. तेव्हा मोठी हालचाल झाली तर ते घरटं सोडून जातात. माणसाचा वास लागला म्हणून सोडतात हा समज चुकीचा आहे. सोडतात ते वारंवारच्या त्रासामुळे. पिल्लं निघून चार-पाच दिवस झाले की आईबापांची ओढ पक्की झालेली असते. पत्रा, जाळी वगैरे जड काम करायचंच असेल तर हा मधला काळ त्यातल्या त्यात बरा. शेवटचे दोन-चार दिवस मात्र अजिबात जवळ जाऊ नका. पिसं फुटलेली पिल्लं घाबरली की उडता येत नसतानाही खाली उड्या टाकतात, आणि परत घरट्यात ठेवली तरी पुन्हा टाकतात.

काम सकाळचं भरवणं ओसरल्यावर, पण ऊन चढायच्या आत करावं. भर उन्हात आई उठून गेली तर उघडी अंडी आणि पिल्लं तापतात, पावसात भिजून गारठतात. तिन्हीसांजेला तर नकोच, कारण अंधार पडला की मादी रात्रभर परतणार नाही अशी भीती असते. तयारी लांब करा, मापं आधी घ्या, आणि झाडापाशी एका वेळी दहा मिनिटांहून जास्त थांबू नका. काम झाल्यावर दूर जाऊन बघत राहा. अर्ध्या-पाऊण तासात आईबाप पूर्ववत ये-जा करू लागले तर ठीक. नाही आले, नुसतेच जवळच्या फांदीवर ओरडत बसले, तर लावलेलं काढा आणि थोडं मागे सरकवून पुन्हा लावा.

एकटं झाड असेल तर

ही सगळ्यात सोपी परिस्थिती. खोडाभोवती गुळगुळीत पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. पट्टीची रुंदी किमान ६० सेंमी, जमल्यास जास्त. वरची कड जमिनीपासून दोन मीटरच्या वर राहील अशी लावा. मांजर खोडाला नखं रुतवून चढतं. पत्र्यावर नखं रुतत नाहीत आणि त्याचा सगळा जोर वाया जातो. पट्टी खाली लावली तर ते जमिनीवरूनच उडी मारून तिच्या वरचं खोड पकडतं. लोकांची पट्टी फसते ती नेमकी यामुळे.

खिळे ठोकू नका. पट्टीची टोकं एकमेकांवर चढवून तारेने बांधा, आणि तारेच्या दोन टोकांमध्ये छोटी स्प्रिंग अडकवली तर खोड जाड होताना साल दबत नाही. खोडाला खाचा असतील तर पट्टीमागे फटी राहतात. त्यांत काथ्या किंवा जुनं कापड कोंबा, नाहीतर सरडे-खारी अडकतात. पत्र्याला ग्रीस किंवा तेल मात्र चोपडू नका. पक्ष्याच्या पिसांना ते लागलं तर त्याला उडता येत नाही, ऊबही टिकत नाही.

आणि अर्थातच, शेजारची फांदी भिंतीला टेकलेली असेल तर हा पत्रा निव्वळ शोभेचा. विणीच्या दिवसांत मोठी छाटणी करता येत नाही, पण भिंतीवर झुकलेली, घरट्यापासून लांब असलेली एखादी फांदी दोरीने ओढून बांधून ठेवता येते. छाटण्यापेक्षा बांधणं केव्हाही बरं, आडोसा शाबूत राहतो.

झुडूप बुटकं असेल तर

खरं दुखणं इथे आहे. बुलबुल छातीएवढ्या उंचीवर घरटं करतो, कधी त्याहूनही खाली. शिंपी तर पानं शिवून कमरेच्या उंचीवर संसार थाटतो. खोड बोटाएवढं, पत्रा लावायचा कुठे? इथे झुडपाभोवती जाळीचं गोल कडं उभं करावं लागतं.

जाळी ताठ तारेची, साधारण ५ सेंमी चौकोनाची घ्या. त्यातून मोठं मांजर जात नाही. पंजा मात्र जातो, म्हणून जाळी घरट्यापासून सर्व बाजूंनी किमान ६० सेंमी लांब हवी. उंची दीड मीटरच्या पुढे ठेवा, आणि वरच्या ३०-४० सेंमी जाळीला कोणताही आधार न देता ती बाहेरच्या बाजूला झुकू द्या. हा बारकावा सोडू नका. मांजर ताठ जाळीवर शिडीसारखं चढून जातं. वरचा भाग डुगडुगला आणि बाहेर लवला की त्याला पकड मिळत नाही आणि ते माघारी फिरतं. खालची कड जमिनीला खुंट्यांनी पक्की ठोका, दहा सेंमीची फट ठेवलीत तर बारकं मांजर त्यातूनच आत शिरेल. वरचं तोंड पूर्ण उघडं ठेवा. बुलबुलासारखे पक्षी वरून आत उतरतात, जाळीच्या चौकोनातून ते ये-जा करतील असं गृहीत धरू नका.

नायलॉनची मऊ जाळी, पिकांवर टाकतात तसली, अजिबात वापरू नका. तिच्यात पक्ष्यांचे पाय आणि साप अडकून मरतात. घरटं वाचवायला लावलेल्या जाळीत आईच अडकलेली बघणं फार वाईट.

जाळी लगेच मिळत नसेल तर काटेरी फांद्या झुडपाच्या बुंध्याशी जमिनीवर दाट पसरा. बोगनवेल, लिंबू, करवंद, बोर, जे हाताशी असेल ते. घरट्याला खेटून काटे खोचायचे नाहीत, बुंध्याभोवती मीटरभर रुंदीचा पट्टा करायचा. मांजराला पाय टेकायला आणि उडीसाठी जोर घ्यायला सपाट जागा लागते, ती त्याला मिळू द्यायची नाही. हा उपाय जाळीएवढा भक्कम नाही. पण शून्य खर्चाचा आहे आणि पक्ष्यांना त्याचं काही वाटत नाही.

भिंतीवरची वेल, कुंडी, बाल्कनी

इथे वाट बहुधा एकच असते आणि ती सापडली की काम झालं. कठड्यावरून येत असेल तर कठड्यावर कुंड्या इतक्या खेटून मांडा की पाऊल ठेवायला जागा उरू नये. पाइपवरून येत असेल तर पाइपला पत्र्याचं शंकूच्या आकाराचं, तोंड खाली केलेलं कडं बसवा. टांगत्या कुंडीत घरटं असेल तर खालचं टेबल-खुर्ची हलवा. कुंडी मात्र हलवू नका, फूटभरसुद्धा नाही. आईबाप जागेच्या खुणेवर येतात.

दयाळ, चिमणी यांच्यासाठी लावलेल्या लाकडी पेटीतून पिल्लं जात असतील तर दोष पेटीचा असतो. भोकाखाली बसायला दांडी असेल तर ती काढून टाका, पक्ष्यांना तिची गरज नसते आणि मांजराला मात्र ती आधार देते. भोक आतल्या तळापासून किमान १२-१३ सेंमी वर हवं, म्हणजे पंजा आत घातला तरी तळाशी पोचत नाही. छप्पर उतरतं आणि पुढे झुकलेलं हवं. सपाट छपरावर मांजर आरामात बसून वाट बघतं.

मांजराला दूर ठेवणारी साधनं

हालचाल जाणवली की पाण्याचा फवारा उडवणारं यंत्र चांगलं काम करतं. मांजर भिजतं, दचकतं, आणि ती जागा लक्षात ठेवतं. फवाऱ्याची दिशा त्याच्या वाटेवर ठेवा, घरट्यावर पाणी उडता कामा नये.

माणसाला ऐकू न येणारा उंच आवाज सोडणारी यंत्रंही मिळतात. त्यामागचं तत्त्व बरोबर आहे. मांजराला साधारण ६४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, माणसाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि पक्ष्यांना त्याहूनही कमी. त्यामुळे पक्ष्यांना त्याचा त्रास नाही. चाचण्यांमध्ये मांजरांच्या फेऱ्या घटलेल्या दिसल्या, पण थांबलेल्या नाहीत. काही मांजरं दुर्लक्ष करतात, म्हातारी बहिरी असतात. शिवाय परिणाम दिसायला वेळ लागतो. घरट्यात पिल्लं असताना यंत्र आणून दुसऱ्या दिवशी निकालाची अपेक्षा करू नये. विणीच्या आधीच लावलं तर ठीक, आणि तेही जाळी-पत्र्याच्या जोडीला.

वासाच्या उपायांवर माझा विश्वास नाही. संत्र्याची सालं, कॉफीचा चोथा, व्हिनेगर हे सगळं दवाने किंवा पहिल्या पावसाने संपतं, आणि भुकेलं मांजर वासाला फार जुमानत नाही. डांबराच्या गोळ्या तर विषारीच आहेत, मांजराला, पक्ष्याला आणि बागेत खेळणाऱ्या मुलांनाही. तिखट डोळ्यांत-पंजांत जाऊन जनावर तळमळतं, वर ते वाऱ्याने घरट्यातही जातं. चिकट सापळे आणि विष यांचं नावही नको. मांजर त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतंय, आणि विष घातलेला तुकडा कोण खाईल हे कोणाच्याच हातात नसतं.

मांजराच्या मालकाशी बोलताना

‘तुमचं मांजर बांधून ठेवा’ असं म्हणालात की बोलणं तिथेच तुटतं. त्यापेक्षा तारीख घेऊन जा. ‘काकू, आमच्याकडे बुलबुलाची पिल्लं आहेत, दहा-बारा दिवसांत उडतील. तेवढे दिवस मनीला संध्याकाळपासून सकाळपर्यंत आत ठेवाल का?’ मुदत ठरलेली असली की माणसं ऐकतात. जमल्यास घरटं लांबून दाखवा, मुलांना आधी दाखवा. घरातली मुलं एकदा पक्ष्यांच्या बाजूची झाली की मांजराचं दार वेळेवर बंद होतं.

आणखी काही गोष्टी त्यांना सुचवता येतील. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळीव मांजरांवर केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. धान्य नसलेलं, मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी शिकारीसारखा खेळ खेळल्यावर २५ टक्क्यांनी घटली. पट्ट्यावर भडक रंगांचं कापडी आवरण घातलं तर पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी झाली, कारण पक्ष्यांना रंग लांबून दिसतात. घंटीचा मात्र या अभ्यासात ठळक फायदा दिसला नाही. आधीच्या काही चाचण्यांमध्ये तो दिसला होता, त्यामुळे घंटी घालायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर राहू नका. पट्टा ओढ बसताच सुटणाऱ्या चापाचा हवा, नाहीतर फांदीत अडकून मांजरालाच फास बसतो.

मात्र लक्षात घ्या, रंगीत पट्टा किंवा घंटी उपयोगी पडते ती उडू शकणाऱ्या पक्ष्याला. घरट्यातलं पिल्लू मांजर बघून जाणार कुठे? त्याच्यासाठी मांजर घरात असणं किंवा वाट बंद असणं, एवढे दोनच पर्याय.

मांजर कोणाचंच नसेल तर त्याला कोण खायला घालतंय ते शोधा. बागेच्या कडेला रोज दूध-मासळी ठेवली जात असेल तर मांजरांचा राबता तिथेच राहणार. खाऊ घालू नका असं सांगून कोणी थांबत नाही. जागा दुसरीकडे हलवा, उरलेलं उचलून ठेवा एवढं सांगितलं तर ऐकतात. दूरचा विचार करायचा तर नसबंदी हाच मार्ग आहे. एक मांजर पकडून लांब सोडल्याने काही साधत नाही. ते परक्या जागी हाल काढतं आणि इथली रिकामी जागा दुसरं भरून काढतं.

पिल्लं घरटं सोडतात तो आठवडा

सगळं नीट झालं, पिल्लं मोठी झाली, आणि तरीही शेवटी मांजराने नेलीच, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. कारण पिल्लू घरटं सोडतं तेव्हा त्याला नीट उडता येत नसतं. आखूड शेपटी, अर्धवट पंख, आणि काही दिवस ते जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांत फुदकत राहतं. आईबाप तिथेच येऊन भरवतात. भुकेची चिवचिव मांजराला लांबून ऐकू जाते.

हे पिल्लू आजारी नसतं, टाकलेलंही नसतं. त्याला घरात आणू नका. उघड्यावर बसलं असेल तर उचलून जवळच्या दाट झुडपात, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा आणि दूर व्हा. या आठवड्यात स्वतःची मांजरं-कुत्री आत, शेजाऱ्यांना निरोप, आणि गवत कापणं बंद. झुडपाभोवती जाळीचं कडं असेल तर त्याची एक बाजू उघडायची की नाही, हा प्रश्न पडतो. मी ते तसंच ठेवेन, कारण आत फुदकणारं पिल्लू सुरक्षित असतं आणि आईबाप वरून येतातच. फक्त पिल्लू जाळीबाहेर पडलंय आणि आत यायला धडपडतंय असं दिसलं तर एका बाजूने वाट करून द्या.

पक्ष्यांसाठी ठेवलेले दाणे आणि पाणी या दिवसांत घरट्याजवळ नको. पाण्याचं भांडं झुडपापासून निदान दोन मीटर मोकळ्या जागेत असावं, म्हणजे दबा धरलेलं मांजर पक्ष्याला आधी दिसतं.

घरटं पडलं किंवा मांजराने पक्षी पकडला तर

पिसं न फुटलेलं पिल्लू खाली पडलं असेल आणि घरटं शाबूत असेल, तर उचलून सरळ परत ठेवा. घरटंच पडलं असेल तर ते एका छोट्या टोपलीत ठेवा, तळाला पाणी निथळायला भोकं असू द्या, आणि टोपली शक्य तितकी मूळ जागेजवळ, सावलीत, घट्ट बांधा. दोन तास लांबून नजर ठेवा. आईबाप बहुतेक वेळा येतात.

मांजराच्या तोंडातून सोडवलेल्या पक्ष्याला जखम दिसत नसली तरी तो ठीक आहे असं समजू नका. मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला नावाचे जिवाणू सुईएवढ्या छिद्रातून आत गेले तरी रक्तात विष पसरतं आणि प्रतिजैविक मिळालं नाही तर पक्षी एक-दोन दिवसांत मरतो. त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवा, आणि लगेच पशुवैद्याकडे किंवा वन्यजीव वाचवणाऱ्यांकडे न्या. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पावही नको.

पुढच्या विणीआधी

पिल्लं गेली म्हणून लगेच जाळी उतरवू नका. बुलबुल, होला एका हंगामात पुन्हा अंडी घालतात आणि बरेचदा त्याच झुडपात किंवा शेजारच्याच. पक्ष्यांची वर्दळ पूर्ण थांबल्यावर, घरटी रिकामी असल्याची खात्री करून मगच बागेला हात लावा. भिंतीला टेकणाऱ्या फांद्या तेव्हा छाटा, कुंपणाखालची भगदाडं बुजवा, भिंतीवर झेप घ्यायला आधार देणाऱ्या वस्तू हलवा. झुडूप मात्र खालून विरळ करू नका. आत फांद्यांची दाटी जितकी जास्त तितकं मांजराला वर सरकणं अवघड. नवं काही लावायचंच असेल तर काटेरी आणि दाट वाढणारं निवडा, आणि ते भिंतीपासून दोन-अडीच मीटर सोडून लावा.

पत्र्याची पट्टी खोडावर कायम राहिली तरी चालते. वर्षातून एकदा तार सैल करून पुन्हा बांधा आणि मागे ओल धरून साल कुजत नाही ना, ते बघा. जाळीचं कडं गुंडाळून ठेवताना त्यावर कोणत्या झुडपासाठी होतं आणि किती घेराचं, ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी अंडी दिसण्याआधीच, पक्षी काड्या गोळा करायला लागायच्या आत, ते उभं करता येईल.